रजेचे खाते

तंजावरास नेमणूक झालेल्या मराठी माणसाकडून त्याच्या आप्तेष्टांच्या दोन अपेक्षा असतात. त्याने सरस्वतीमहाल पाहून तेथील ग्रंथांचे सविस्तर वर्णन लिहून पाठवावे, ही पहिली. आणि बृहदीश्वराच्या प्राकारात शरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये कोरविलेले भोसले वंशाचे चरित्र डोळ्यांनी पाहून गतवैभवाबद्दल एखादा सुस्कारा टाकावा, ही दुसरी. प्रस्तुत लेखकाने ही दोन्ही कर्तव्ये यथाकाल पार पाडली. परंतु ज्याचे दिवस आस्थापना शाखेत इतरांच्या रजा मोजण्यात जातात, त्याची दृष्टी शिलालेखासमोर उभी राहूनही आपल्या धंद्यावरच जाते. राजे कोण होते, त्यांनी कोणत्या लढाया मारल्या, हे इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या राजांकडे चाकरीस असलेला मनुष्य आजारी पडला, त्याच्या घरी श्राद्ध आले, त्याला गावी जाऊन यावेसे वाटले, तर त्याच्या पगाराचे काय होई, हा प्रश्न मात्र मला पुनःपुन्हा पडत राहिला. एका शहरात हजार वर्षांच्या पगारपत्रकांचे अवशेष सापडावेत असे हिंदुस्थानात दुसरे ठिकाण क्वचितच असेल; म्हणून हा प्रश्न येथे विचारण्यात काही अर्थ आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'रजा' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ संमती, खुषी. रजा मागणे म्हणजे वरिष्ठाची मर्जी विचारणे. जुन्या मराठीत 'रजा दिली' याचा अर्थ निरोप दिला असा होई आणि चाकरीवरून काढून टाकले असाही होई. कोणता अर्थ घ्यावयाचा हे पुढच्या वाक्यावरून समजावयाचे. येथे तमिळनाडूत सरकारी कागदांत 'विडुप्पु' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'विडु' म्हणजे सोडणे हा धातू आहे. आपला 'सुटी' हा शब्दही सुटण्यावरूनच आला. इंग्रजीतल्या 'लीव्ह'चा एक अर्थ परवानगी हाच आहे, आणि गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या लांब रजेस जो 'फर्लो' शब्द लावीत, तो डच भाषेतील परवानगीवाचक शब्दावरून आलेला आहे. म्हणजे या साऱ्या भाषांनी एकच साक्ष दिली आहे: सोडणारा कोणी तरी असतो, आणि त्याने सोडल्यावाचून मनुष्य सुटत नाही. जुन्या तमिळ बोलण्यात 'रजा' हाच शब्द रूढ होता, आणि कचेरीत 'आजर' म्हणजे हजर हा शब्द आजही ऐकू येतो. मराठी व दखनी कारकुनी या प्रांतात किती खोलवर गेली होती याची ही लहानशी खूण समजावी.

आता बृहदीश्वराच्या भिंतीकडे वळू. राजराज चोळाने हे देवालय १०१० च्या सुमारास पुरे केले, आणि त्याच्या अधिष्ठानावर जे लेख कोरविले त्यांतील काही लेख पगारपत्रकाव्यतिरिक्त दुसरे काही नाहीत. निरनिराळ्या देवळांतून आणून येथे वसविलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्यांची घरे कोणत्या रस्त्यावर, रांगेत कितवी, इतका तपशील दगडात आहे. प्रत्येकीस एक वाटा, आणि वाटा म्हणजे वर्षाला शंभर कलम भात. नाट्याचार्यांस दोन वाटे. त्यापुढे गायक, वादक, छत्र धरणारे, दिवे लावणारे, पाणी शिंपडणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, हिशेबनीस. दुसऱ्या एका लेखात तिरुप्पदियम् गाणाऱ्या अठ्ठेचाळीस जणांची व दोन वादकांची नेमणूक आहे. त्यांना दररोज प्रत्येकी तीन कुरुणि भात मिळावयाचे. बारा कुरुणींचे एक कलम धरल्यास हे वर्षाला एक्याण्णव कलमांच्या आसपास जाते, म्हणजे नर्तकीच्या वार्षिक वाट्याहून थोडेसे कमी. कारकुनाला असा हिशेब करून पाहण्याचा मोह आवरत नाही.

परंतु या लेखांतील खरी लक्षवेधक गोष्ट पुढे आहे. वाटेकरी मेला किंवा परगावी निघून गेला तर काय करावे, याचा नियम तेथे स्पष्ट आहे. त्याच्या जवळच्या नातलगाने वाटा घ्यावा आणि काम करावे. तो नातलग त्या कामास योग्य नसेल तर त्याने योग्य मनुष्य नेमून काम करवून घ्यावे. नातलगच नसेल तर त्याच कामावरील इतरांनी लायक मनुष्य निवडावा. राजराजाच्या लेखकांना माणसाची चिंता नव्हती, कामाची होती. संध्याकाळचे गायन पन्नास कंठांचे व हातांचे असले पाहिजे. ते कोणाचे, हा प्रश्न दुय्यम. या व्यवस्थेत रजेला जागाच उरत नाही. मनुष्य एक तर आहे, नाही तर त्याच्या जागी दुसरा आहे. दोन दिवसांच्या तापाचा निर्णय दगडावर नाही. तो बहुधा घरातल्या घरात, भावाभावांत होत असणार. जेथे चाकरी कुळाची असते तेथे बदली कामगारही कुळाचाच असतो, आणि हजेरी घ्यावयाची ती घराची घेतात. याला उदार म्हणावे की कठोर, हे मला ठरविता येत नाही. आजारी गायकाची भाकरी जात नव्हती एवढे खरे, पण त्याच्या मुलाला दुसरे काही होण्याची मुभाही फारशी नसावी.

तंजावर जिल्ह्याचा आणखी एका जुन्या हिशेबाशी संबंध आहे, आणि तो योगायोगाचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची जी पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आली, ती तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने दिलेली होती. आर. शामशास्त्री यांनी तीवरून १९०९ मध्ये ग्रंथ छापला आणि हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा इतिहास एका रात्रीत मागे गेला. या ग्रंथात लेखाधिकाऱ्यांच्या प्रकरणात कामाचे वर्ष तीनशे चौपन्न अहोरात्रांचे सांगितले आहे. चांद्र वर्ष ते हेच. आषाढी पौर्णिमेस हिशेब बंद करावयाचे, आणि काम पुरे वर्षाचे झाले की कमी, हे पाहून त्या प्रमाणात द्यावयाचे. अधिक मासाचा हिशेब वेगळा ठेवावयाचा. ही शेवटची अट वाचून मी पुस्तक क्षणभर मिटले. सौर वर्षाहून चांद्र वर्ष अकरा दिवसांनी तोकडे. सुमारे पावणेतीन वर्षांनी एक महिना वाढतो. वर्षाच्या दराने बांधलेल्या चाकराला त्या वाढीव महिन्याचे वेगळे न दिले, तर तो महिना धन्याच्या घरी फुकट राबण्यात जातो आणि त्याला ते कळतही नाही. ज्याने ही ओळ लिहिली त्याने कधी तरी पगार वाटला असला पाहिजे, किंवा त्याहून संभाव्य म्हणजे, एखाद्या वर्षी तो कमी घेतला असला पाहिजे.

त्याच ग्रंथात सूत कातणाऱ्यांना सणाच्या तिथीला कामास लावावयाचे तर त्यांना देणग्या व मान देऊन लावावे असे म्हटले आहे. आणि मजुरी घेऊन काम न करणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगतानाच, आजार किंवा संकट असेल तर त्यास सवलत मिळावी किंवा दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची मोकळीक असावी, हेही सांगितले आहे. बदली माणसाची वाट येथेही आहेच. पण सवलतीची शक्यता येथे प्रथम लेखी उतरली.

मराठे या प्रांती आले ते कोणती रीत घेऊन आले? व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले १६७५ च्या सुमारास. थोरल्या महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे जे वर्णन आपण प्रमाण मानतो, ते सभासदाने लिहिले १६९७ च्या सुमारास, आणि तेही महाराष्ट्रात नव्हे तर राजाराम महाराजांच्या पदरी जिंजीस, म्हणजे याच तमिळ मुलखात. सभासदाच्या लिहिण्याप्रमाणे पावसाळ्याचे चार महिने लष्कर आपल्या देशी छावणीस येई, दाणावैरण तयार असे, आणि दसरा झाला की फौज मुलूखगिरीस बाहेर पडे. परत येताना प्रत्येकाची झडती होई. पदरी आलेली लूट पगारात वळती केली जाई. या चार महिन्यांना कोणी विश्रांती म्हणेल, पण रजा म्हणता येणार नाही. शिपाई छावणीत हजर असावयाचा. ऋतूच कामाचा नव्हता, म्हणून काम नव्हते.

येथे एका पत्राची आठवण होते. शिवाजीमहाराजांनी अखेरच्या काळात व्यंकोजीराजांस एक पत्र लिहिल्याचे प्रसिद्ध आहे. धाकटे राजे उदास होऊन कारभाराकडे पाहीनासे झाले, ही वार्ता रायगडास पोहोचली होती. वडील भावाने त्यांना त्यात जे खडसावले आहे ते वाचताना मला नेहमी वाटते, की कामावरून न विचारता दूर राहणाऱ्यास वरिष्ठाने पाठविलेले इतके मायेचे ज्ञापन आपल्या इतिहासात दुसरे नाही. आमच्या शाखेतून जी ज्ञापने निघतात त्यांचा नमुना कोणी बदलावयास घेतला, तर त्याने हे पत्र अवश्य पाहावे.

तंजावरच्या मराठी राजांच्या कारभाराची मोडी दप्तरे आज सरस्वतीमहालात, तमिळ विद्यापीठात आणि चेन्नईच्या अभिलेखागारात विभागून आहेत. त्यांत राजवाड्याच्या निरनिराळ्या खात्यांचे जमाखर्च आहेत, नेमणुका, पगार, बक्षिसे, कापडचोपड, देवस्थाने आणि छत्रांचा खर्च आहे. तमिळ विद्यापीठाने या कागदांतील निवडक भागाचा तमिळ अनुवाद १९८९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केला. आपल्याच पूर्वजांचे मराठी आपण तमिळ अनुवादावरून वाचावे, हा प्रसंग मराठी माणसाला थोडा खजील करणारा आहे. पण मोडी वाचण्याचा आळस आपणच केला, त्याला तमिळ विद्वान काय करणार!

मराठी दप्तराची जी सर्वसाधारण रीत होती तीत तीन शब्द महत्त्वाचे: हजिरी, गैरहजिरी आणि नागा. माणसाची नेमणूक ठरलेली, त्यातून नागा पडलेले दिवस वजा, बाकी देणे. हा हिशेब नेहमी वजाबाकीचा आहे. पानाच्या डाव्या अंगास पूर्ण पगार, खाली वजा रकमा, आणि तळाशी जे उरले ते चाकराचे. धन्याने रजा दिली तर तेवढ्या दिवसांची वजाबाकी होत नसे, एवढाच त्या रजेचा पैशात अर्थ. रजा साठत नसे, तिला शिल्लक नसे. गेल्या वर्षी मी एकही दिवस घरी राहिलो नाही, म्हणून यंदा दुप्पट दिवस द्या, असे म्हणण्याची सोय त्या वहीत नव्हती, कारण न घेतलेल्या रजेची नोंद ठेवावयास त्यात रकानाच नव्हता. मला वाटते, रजेच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणजे हा रकाना आखला जाणे. तो आखल्यावर मर्जी ही जमेची बाब झाली. पण ते पुढे सांगतो.

१७९९ च्या तहाने तंजावरच्या मुलखाचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. शरफोजीराजांकडे किल्ला व आसपासचा थोडा भाग राहिला. शिवाय दरसाल एक लाख होन आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. एकाच गावात दोन कचेऱ्या झाल्या. किल्ल्याच्या आत राजाचे चाकर, बाहेर कलेक्टराचे. गंमत अशी की दोन्हीकडे बसलेला कारकून पुष्कळदा एकाच घरातला, आणि दोन्हीकडे लिहिली जाणारी भाषा पुष्कळदा मराठीच. कारण मद्रास इलाख्यातील अनेक जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत वसुली दप्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीत चाले. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव, जे पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, ते याच कारकुनी घराण्यांच्या जगातले. घरापासून दूर नेमणुकीवर आयुष्य काढणाऱ्या मराठी नोकरांची परंपरा आपल्यापासून सुरू झालेली नाही, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

खुद्द शरफोजीराजांनाही रजा घ्यावी लागली. १८२० मध्ये ते काशीयात्रेस निघाले आणि १८२२ मध्ये परतले. बरोबर तीन हजारांच्या आसपास लवाजमा होता. कंपनी सरकारची संमती घेऊनच ही यात्रा झाली. ज्याच्या पूर्वजांनी दुसऱ्यांना रजा द्यावयाची, त्याने रेसिडेंटामार्फत मद्रासेकडे विचारणा करावयाची, अशी पाळी आली होती. पालखीवाले, मशालजी, आचारी, पंडित, वैद्य यांच्या दृष्टीने मात्र ती सारी यात्रा कामावरच होती. राजाची रजा ती चाकरांची हजिरी. वरिष्ठांच्या दौऱ्यावर ज्यांना जावे लागले आहे त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको.

याच वर्षांत, याच कंपनीच्या लंडन येथील कचेरीत, हिशेबनीसाच्या खात्यात चार्ल्स लॅम्ब नावाचा कारकून बसत असे. तो १७९२ मध्ये नोकरीस लागला आणि तेहतीस वर्षांनी, १८२५ मध्ये, पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश निवृत्तिवेतनावर सुटला. इंग्रजी वाङ्मयात तो निबंधकार म्हणून अमर आहे; परंतु आम्हांला तो जवळचा वाटतो तो निराळ्या कारणाने. ख्रिस्ती संतांच्या नावाने पूर्वी कचेरीला ज्या सुट्या मिळत, त्या एकामागून एक बंद झाल्या, याचे दुःख त्याने १८२० च्या एका निबंधात हसत हसत मांडले आहे. तो काळच सुट्या कापण्याचा होता. बँक ऑफ इंग्लंड १८३४ पूर्वी वर्षातून तीसहून अधिक दिवस बंद राही. त्या वर्षापासून फक्त चार दिवस राहू लागली. धर्माने दिलेले दिवस हिशेबाने परत घेतले. म्हणजे ज्या कंपनीने तंजावरचा मुलूख घेतला तिने आपल्या लंडनच्या कारकुनाचे संतही घेतले, आणि त्याबद्दल त्याला कोणताही वसूल-हिस्सा लावून दिला नाही.

सार्वजनिक सुट्या अशा आटत गेल्या आणि व्यक्तीची रजा मात्र नियमात बसत गेली. आरंभी ती गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी होती; विलायतेस जाऊन येण्यास जहाजाने महिनोन् महिने लागत, म्हणून लांब रजेचे नियम करावे लागले. देशी नोकरांचे नियम वेगळे आणि तोकडे. हा भेद पुढे फार काळ टिकला. १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेल्या मूलभूत नियमांतही, ज्यांचे घर आशियाबाहेर आहे त्यांच्यासाठी एक रजानियम आणि इतरांसाठी दुसरे, अशी विभागणी होती. ज्याचे घर दूर त्याला रजा अधिक, हे तत्त्व म्हणून वाईट नाही. तंजावराहून साताऱ्यास जाणाऱ्याला ते फारच पटेल. दुर्दैव इतकेच की त्या नियमांत अंतर मैलांनी मोजले जात नव्हते.

या ठिकाणी एका विलक्षण ग्रंथवादाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती रजेच्या मुद्द्यावरच येऊन ठेपते. शुक्रनीतिसार हा संस्कृत ग्रंथ मद्रासेत गुस्ताव ओपर्ट यांनी १८८२ मध्ये संपादून छापला. त्यात तोफा व दारू यांचे वर्णन असल्यामुळे प्राचीन भारतात बंदूक होती की नव्हती यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. परंतु त्याच ग्रंथात सेवकांच्या रजेचे जे नियम आहेत ते कोणत्याही आस्थापना शाखेस चकित करतील. सेवकाला घरच्या कामासाठी दिवसाचा व रात्रीचा ठराविक वेळ मोकळा द्यावा; सणाच्या दिवशी काम सांगू नये, फारच अडले तर सांगावे, पण श्राद्धाच्या दिवशी मुळीच सांगू नये. आजारी सेवकाच्या वेतनातून चौथा हिस्सा कापावा. आजार अर्ध्या पंधरवड्याचा असेल तर काहीच कापू नये. दरसाल पंधरा दिवस कामावाचून वेतन द्यावे. चाळीस वर्षे सेवा झालेल्यास तहहयात अर्धे वेतन द्यावे, आणि तो गेल्यावर त्याच्या पोरक्या मुलांबाळांस किंवा पत्नीस काही लावून द्यावे.

कित्येक देशभक्त लेखकांनी यावरून अनुमान काढले की पगारी रजा व निवृत्तिवेतन ही आपली प्राचीन देणगी आहे. १९६२ मध्ये लल्लनजी गोपाल यांनी एक लेख लिहून याच्या उलट मत मांडले: हा ग्रंथ प्राचीन नसून एकोणिसाव्या शतकातील आहे, आणि त्यातील राज्यकारभाराच्या पुष्कळ गोष्टींवर कंपनीच्या कारभाराची छाया आहे. पंधरा दिवसांची रजा शुक्राचार्यांची नसून एखाद्या कलेक्टर कचेरीतून शुक्राचार्यांच्या तोंडी गेली, असा याचा अर्थ होतो. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांचे वाद चालोत. मला या शक्यतेत कमीपणा वाटत नाही. एखादा संस्कृतज्ञ, ज्याचा भाऊ किंवा मुलगा कचेरीत कारकून आहे, तो नव्या राज्यातील एक गोष्ट बरी आहे असे पाहतो आणि राजांनी ती शिकावी म्हणून ऋषीच्या नावाने लिहून ठेवतो, हे चित्र मला फार मानवी वाटते. आणि श्राद्धाच्या दिवसाची अट कंपनीच्या कोणत्याही नियमावलीतून आलेली नाही, हे तर उघडच आहे. ती त्याची स्वतःची.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले आणि कंपनीने संस्थान संपल्याचे ठरविले. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८५९ मध्ये तेथे निकाल झाला की हे राज्यकृत्य आहे, त्यात न्यायालयास हात घालता येत नाही. राण्यांची कैफियत निदान कागदावर आली. राजवाड्यातील शेकडो चाकरांना मात्र त्या जुन्या शब्दाचा दुसरा अर्थ कळला. त्यांना रजा मिळाली.

आता तो रकाना. विसाव्या शतकात रजेचे खाते स्थिर झाले ते एका अपूर्णांकावर: एक-अकरांश. अकरा महिने काम आणि एक महिना रजा मिळून वर्ष पुरे होते, म्हणून कामाच्या अकरा दिवसांमागे एक दिवस रजा जमा. १९३३ च्या सुधारित रजानियमांत हाच दर होता. ज्याने वर्षभर एकही दिवस रजा घेतली नाही त्याच्या नावे तीनशे पासष्ट भागिले अकरा, म्हणजे तेहतीस दिवस पडत. कारकुनाला प्रत्येक रजेच्या वेळी कामाचे दिवस मोजून भागाकार करावा लागे, आणि जुन्या सेवापुस्तकांच्या समासात पेन्सिलीने केलेले हे भागाकार अजून सापडतात. चुकलेलेही सापडतात. १९७२ चे केंद्रीय रजानियम आले, आणि पुढे त्याच दशकात पद्धत सोपी झाली. आता १ जानेवारीस पंधरा व १ जुलैस पंधरा दिवस आगाऊ जमा होतात. मागील सहामाहीत असाधारण रजा झाली असेल तर तिचा दहावा हिस्सा जमेतून कमी करावयाचा. एकूण शिल्लक तीनशेच्या वर जाऊ द्यावयाची नाही. अर्धवेतनी रजा दर सहामाहीस दहा. हे सर्व आता बहुतेक ठिकाणी गणकयंत्र करते आणि भागाकार चुकत नाहीत. किरकोळ रजेची तऱ्हा और आहे. वर्षातून आठ दिवस ती सर्वजण घेतात, आणि नियमांच्या दृष्टीने ती रजाच नव्हे. घरी झोपलेला मनुष्य त्या दिवशी कामावर असल्याचे समजले जाते. मूर्तीत देव मानणाऱ्या देशात हे कोणाला अवघड वाटू नये.

मराठी दप्तरात जी वजाबाकी होती तिची येथे बेरीज झाली. न घेतलेली रजा साठू लागली, निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांपर्यंत तिचे पैसे मिळू लागले. मर्जीला किंमत आली. एवढे वाचून वाचक म्हणेल की संमतीचा काळ संपला आणि हक्काचा सुरू झाला. मीही नोकरीच्या आरंभी तसेच समजत होतो. परंतु त्याच १९७२ च्या नियमांतील सातवा नियम असा आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेची निकड असेल तेव्हा मंजुरी देणारा अधिकारी ती नाकारू शकतो. १९२२ च्या नियमांतही हेच होते. खाते हक्काचे, रजा संमतीची. पैशापुरता हिशेब बदलला. शब्दाचा अर्थ अरबस्तानातून निघाला तेव्हा होता तोच राहिला.

मागील एका नेमणुकीवर असताना गावाहून आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. माझ्या खात्यावर त्या दिवशी एकशे सत्याऐंशी दिवस अर्जित रजा होती. आकडा मला पाठ होता, कारण ते खाते मीच ठेवीत होतो. वर्षअखेरीच्या लेखापरीक्षणाचे दिवस होते. अर्ज वर गेला, चर्चा करावी असा शेरा घेऊन खाली आला, पुन्हा वर गेला. अधिकारी दुष्ट नव्हते. त्यांच्याही वरून त्यांना विचारणा होत होती. नवव्या दिवशी मंजुरी मिळाली, दहाव्या दिवशी मी घरी पोहोचलो, आणि पुढील तेरा दिवस त्याच मंजूर रजेतून गेले. परत आल्यावर मी स्वतःच्या हाताने खात्यात वजा केले आणि शिल्लक लिहिली. तो आकडा बरोबर होता.

तेव्हापासून कोणाचा अर्ज माझ्या टेबलावर आला की शुक्रनीतीची ती श्राद्धाच्या दिवसाची ओळ मला आठवते. पंधरा दिवस द्यावेत हे कोणीही लिहील. काही दिवस असे असतात की त्या दिवशी धन्यालाही विचारण्याचा अधिकार नाही, हे त्या अज्ञात ग्रंथकाराने लिहिले. आपल्या नियमावलीत त्या ओळीला अजून जागा मिळालेली नाही.

आणि ज्यांचे खातेच नाही असेही लोक आहेत. कचेरीत झाडलोट करणारी बाई, दरवाजावरचा पहारेकरी, गाडी हाकणारा, हे आता बहुधा कंत्राटदाराचे असतात. महिनाअखेर कंत्राटदाराचा मनुष्य हजेरीपट घेऊन येतो. दिवसांच्या चौकटीत बरोबरच्या खुणा, आणि जेथे मनुष्य आला नाही तेथे शून्य. आमच्याकडून देयक मंजूर व्हावयाचे ते शून्ये वजा जाता. त्या पटाकडे पाहताना मोडी दप्तर वाचल्याचा भास होतो. येथे रीत बदललेली नाही: नेमणूक, वजा नागा, बाकी. गेल्या पोंगलनंतर झाडलोट करणारी बाई चार दिवस आली नाही, आणि त्या चार दिवसांत तिची बहीण न बोलावता येऊन काम करून गेली. पटावर मात्र चार शून्येच होती, कारण बहिणीचे नाव पटावर नव्हते. राजराजाच्या भिंतीवर तिला वाटा मिळाला असता. मी कंत्राटदाराच्या माणसाला एवढे विचारले की काम झाले असताना नागा कसा? तो म्हणाला, माणूस कोण आहे ते बघावे लागते, सार. पुष्कळ वादानंतर त्याने दोन शून्ये खोडली.

मद्रास इलाख्यात फसली साल १८५५ पासून १ जुलैला सुरू होते, आणि महसूल खात्यात ते आजही चालू आहे. आमच्या खात्यात त्याच दिवशी दुसऱ्या सहामाहीची जमा पडते. यंदा त्या दिवशी सकाळी मी सर्वांच्या नावे पंधरा पंधरा दिवस पडलेले तपासून पाहिले, ज्यांची शिल्लक तीनशेला टेकली आहे त्यांची यादी वेगळी केली, आणि दुपारी कंत्राटदाराच्या मनुष्यास निरोप पाठविला, की पुढील महिन्याच्या पटावर बदलीच्या माणसाचे नाव लिहिण्यासाठी एक रकाना आखून आणावा.